तुलूबायचा वार

"कोपर खाली! तुलूबाय, किती वेळा सांगायचं? कोपर खाली घे!"

उस्ताद काराजा ओरडला तशी कैरोच्या किल्ल्याखालच्या मैदानात परशू घेतलेली पोरांची रांग जागच्या जागी थबकली. तुलूबायने घाबरून आपल्या कोपराकडे पाहिले.

"उस्ताद, खालीच आहे की."

खालीच होते. काराजाने डोळे चोळले आणि तो पुढच्या पोराकडे वळला.

कोपर उचलायची खोड होती ती आधीच्या तुलूबायची. गेल्या साथीत तो गेला. त्या दिवसांत सकाळी ज्याला पाय रोवायला शिकवावे, त्याचाच जनाजा संध्याकाळी वेशीबाहेर जायचा. बराक ओस पडली. मग गुलामांच्या व्यापाऱ्यांनी दूरच्या डोंगरांतली नवी पोरे आणून फौजेला विकली. त्यांची नावे कोणाच्या तोंडात बसेनात, म्हणून बराकीने त्यांना मेलेल्यांचीच नावे दिली. अंथरुणे तीच, परशूही तेच. दांड्यांवर जुन्या पंजांनी पाडलेल्या खळग्यांत नवे पंजे अलगद जाऊन बसत. ते पाहिले की काराजाच्या अंगावर काटा येई. पाठमोरी रांग पाहताना तर त्याला वाटे, कोणीच गेलेले नाही.

दुपारी जोडीचा सराव होता. लाकडी परशूंना लोकरीचा जाड नमदा गुंडाळलेला. तुलूबाय पुढे आला.

"ये. भीड धरू नकोस," काराजा म्हणाला.

पोराने दांडा उचलला. आधीच्या तुलूबायचा वार डावीकडून येई, हे काराजाच्या हाडांना पाठ होते. तो डावीकडे वळला, आडवा दांडा धरून उभा राहिला, आणि क्षणभर त्याला फार बरे वाटले.

वार उजवीकडून आला. खांद्याचे हाड कडकन मोडले.

बराकीचा कारभारी मिस्काल धावत आला. "उस्तादावर हात उचलतोस, हरामखोर? चामडी लोळवतो तुझी!"

पोरगा गुडघ्यांवर बसला होता.

"त्याला हात लावू नका," मातीत पडल्या पडल्या काराजा म्हणाला. "वार चोख होता. मी भलताच अडवायला गेलो."

"भलता म्हणजे? समोर तर हा एकटाच होता."

काराजा धड हाताचा आधार घेऊन उठून बसला.

दुसऱ्या दिवशी हात गळ्यात बांधून तो मैदानात आला, तेव्हा पोरांना खरेच वाटेना. हकिमाने त्याला उठायलाही मना केले होते. तो थेट त्या पोरापुढे जाऊन उभा राहिला.

"तुझी आई तुला काय म्हणायची रे?"

पोराने आधी मिस्काल आसपास नाही ना ते पाहिले. मग हळूच म्हणाला, "प्शिमाफ."

"पिशमाफ."

"नाही उस्ताद. प्शि... प्शिमाफ."

"पश्मीफ."

रांगेत कोणीतरी फिसकन हसले. मग सगळेच हसले. साथीनंतर त्या मैदानात हसू असे उमटलेच नव्हते.

"दात काय काढता, गाढवांनो? तुमचीही नावं विचारणार आहे, एकेकाचं. जीभ मोडली तरी चालेल." काराजाने पुन्हा एकदा नेट लावला. "प्शिमाफ."

"हां! बरोबर."

पोरगा खुलला. मग काहीतरी आठवून त्याचा चेहरा उतरला. "आणि तुलूबाय, उस्ताद? त्याचं काय?"

काराजा वार घालायला रचलेल्या ओल्या मातीच्या ढिगांकडे पाहत राहिला.

"तो गेला," तो म्हणाला.

इतके दिवस हे शब्द त्याच्या ओठांवर आले नव्हते. त्याने रांगेकडे पाठ फिरवली. कोणी हुकूम दिला नव्हता, तरी मागे पोरांनी एकेक करून पाय रोवले आणि ती वाट पाहत राहिली.