सात पाण्यांचा तवा

१९४८ साल, आश्विन महिना, नवरात्राची पाचवी माळ. पोलीस अ‍ॅक्शनला तीन आठवडे होत आले होते. त्या दिवशी मी कुलपाआड गेलो.

मी तवा बोलतोय. भाकरीचा नव्हे. हातभर रुंद, चार बोटं खोल, दोन कड्यांचा, वर पत्र्याचं झाकण.

माझं लोखंड आधी चालायचं. फुलंब्रीच्या एका बैलगाडीच्या चाकाची मी धाव होतो, म्हणजे चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. कन्नडचा बाजार, वेरूळचा रस्ता, सगळं माझ्या खालून गेलं. चाक मोडलं. लोहारानं मला भट्टीत घातलं, ठोकून तवा केला. औरंगाबादच्या छावणीतल्या साहेबांच्या मेसमध्ये मला चुलीवर बसवलं आणि कडेनं माती लिंपली. त्यानंतर आठ वर्षं मी हललो नाही.

हवा बदलली, रात्री गार पडू लागल्या, की खानसामा सॉसेज आणायचा. म्हणजे आतड्यात मसाल्याचा खिमा भरून बांधलेल्या बोटाएवढ्या वळकट्या. त्या माझ्यात, भोवती भोपळा, कांदे, बटाटे. झाकण घालायचं, वर निखारे ठेवायचे. दुसरं भांडं लागत नसे. मांस डुकराचं असायचं. मला त्याचं काही नव्हतं. मला फक्त विस्तव कळतो.

मला घासायचं काम सांडूकडं होतं. सांडू धनगराचा. दोन बोकडं, बायको भागूबाई आणि ही चाकरी, एवढाच त्याचा संसार. तो घासायचा तसा कुणी घासत नसे. मेस बंद झाली तेव्हा त्यानं माती फोडून मला बाहेर काढलं आणि डोक्यावर घेऊन नाल्याकाठच्या घरी आणलं. वाटलं, सुटलो.

घर म्हणजे एक खोली. गडबडीच्या दिवसांत कुणीतरी घरात शिरून मडकी फोडली होती. भाकरी भाजायला एक खापर आणि कालवण करायला मी, एवढंच उरलं.

पाचव्या माळेला सांडूनं गफूरभाईला आणलं. गफूरभाई छावणीतला खाटीक. मेसला बकऱ्याचं मटण तोच द्यायचा. बायकापोरं त्यानं खुलताबादला पाठवली होती. तो दुकानासाठी मागं राहिला, आणि आता सूड घ्यायला लोक त्याला शोधत होते.

सांडूवर त्याचं ऋण होतं. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी, आषाढात, हत्यारं घेऊन फिरणारी दुसरी माणसं सांडूला शोधत होती, तेव्हा गफूरभाईनं त्याला दुकानामागच्या खोलीत सहा दिवस ठेवलं. त्यांच्या घरी मोठ्याचं, म्हणजे गाईबैलाचं, मटण शिजायचं. सांडू ते खात नाही, म्हणून गफूरच्या बायकोनं, हमीदाबीनं, नवं कोरं मडकं आणलं. सहा दिवस त्याचं कालवण त्याच मडक्यात केलं. सांडूनं कधी मागितलं नव्हतं. तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं.

आता पाळी सांडूची. घरात कुणी नाही असं वाटावं म्हणून दिवसभर बाहेरून कुलूप. नवरा-बायको बोकडं घेऊन माळावर. आत अंधार, गफूरभाई आणि मी. खोकला आला की तो तोंडात फडकं कोंबायचा. माणूस कोंडला की भिंतीला हात लावून बसतो, हे मी तेव्हा पाहिलं.

पहिल्या संध्याकाळी भागूबाईनं माझ्यात वांग्याचं कालवण केलं. गफूरभाईनं भाकरी घेतली, वर मीठ घेतलं, कालवणाला हात लावला नाही.

"पोट ठीक नाय, भाबी."

दुसऱ्या दिवशी पोट ठीक नाय. तिसऱ्या दिवशीही नाय. नुसत्या कोरड्या भाकरीवर तो पडून राहिला. अंगात ताप भरला. भागूबाईचा पारा चढला.

"आमच्या हातचं चालत नाय व्हय? सहा दिस ह्यांनी तुमच्याकडचं खाल्लं की!"

"भाबी, तुमच्या हाताला नाव ठेवीन तर जीभ झडंल."

"मग काय नवाबाचा खानसामा आणू का?"

गफूरभाई हसला. हसता हसता खोकला आला. त्यानं फडकं तोंडात कोंबलं.

खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं-अवजारं पुजतात. सांडूनं मला पुजलं. हळद वाहिली, कुंकू लावलं. "आठ वर्सं घासलाय ह्याला," तो म्हणाला. "तोंड दिसंल ह्यात."

गफूरभाई बघत होता. मी समजलो. त्यानं मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझ्या कडेला लोहाराच्या घणाचा एक खड्डा आहे. मेसच्या चुलीवर त्यानं तो शंभरदा पाहिला होता, आणि माझ्यात काय शिजायचं तेही.

त्या रात्री ताप वाढला. सांडू त्याच्या उशाशी बसला.

"गफूरभाई, तू माज्या घरात उपाशी मेलास तर हमीदाबीला मी काय तोंड दावू? खरं सांग."

गफूरभाईनं माझ्याकडं बोट केलं.

"सांडू, हा तवा मेसमधला ना?"

 सांडू उठून उभा राहिला. "मी घासलेला तवा हाय ह्यो!"

"म्हणून तर बोललो नाय. तू त्याला पुजतोस."

सांडू बाहेर जाऊन बसला. मला वाटलं, चिडला. त्याला हमीदाबीचं कोरं मडकं आठवत होतं, हे मला उशिरा कळलं. आत आला तो एकच विचारायला.

"तुमच्यात काय रीत हाय?"

"विस्तवात लाल करायचा. एकदा मातीनं घासायचा, सहादा पाण्यानं."

दसऱ्याच्या दिवशी सांडूनं कुंकू पुसलं आणि मला गोवऱ्यांच्या ढिगात पुरलं. मी लाल झालो. आठ वर्षांच्या तेलानं चढलेली माझी काळी कातडी पापुद्रे होऊन गळाली. ती माझी कमाई होती. कुणी विचारलं नाही. मग माती. मग सहा पाणी. एकेक तांब्या भागूबाई मोजत होती, आणि सांडू असा घासत होता की जणू मला कधी घासलंच नव्हतं. झाकणालाही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी बकरी ईद. त्याच दिवशी आमच्या वस्तीत नवसाची बोकडं पडायची, म्हणून मटणाच्या वासाबद्दल कुणी विचारणार नव्हतं. सांडूनं एक बोकड आत आणलं, दाराला कडी घातली आणि सुरी गफूरभाईपुढं ठेवली.

"तुज्या हातानं."

 गफूरभाईनं सुरी धरली. त्यानं बोकड कापलं, आतडी धुतली, खिमा केला, लसूण-मिरची घातली, भरून दोऱ्यानं बांधली.

"मेसचं सासेज करतोस व्हय?" सांडू म्हणाला.

"साहेबानं एकट्यानंच खायचं का?"

भागूबाईनं तांबडा भोपळा, वांगी, कांदे चिरले. सगळं एकदम माझ्यात. झाकण, वर निखारे. माझी नवी कातडी कोरी होती, तेल पीत होती, जळत होती. आतडी तडतडली, भोपळा कडेनं करपून गोड झाला. तिघं माझ्याभोवती बसून होते. बाहेर पावलं वाजली की श्वास धरत होते. पावलं जात होती.

झाकण काढलं. ताट नव्हतंच. सांडूनं मला गफूरभाईपुढं सरकवलं.

गफूरभाईनं भाकरी मोडली. पहिला घास सांडूला दिला, मग आपण घेतला. तिघांनी माझ्यातूनच खाल्लं. शेवटी त्यानं भाकरीच्या तुकड्यानं मला पुसून काढलं, कडेच्या खड्ड्यापर्यंत.

आज मी माळ्यावर पालथा आहे. छपराखेरीज काही दिसत नाही. चाकावर चाललो होतो तेही आता खरं वाटत नाही. पण तो पुसलेला तवा मी होतो.

त्या दिवशी गफूरभाईनं मला रिकामा उचलून सांडूच्या हातात दिला.

"फिटलं," सांडू म्हणाला.