पाचव्या मजल्यावरच्या सहा खुर्च्या

सकाळी पावणेदहा वाजता जहाजाच्या चौदाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि आत उभ्या असलेल्या माणसांपैकी एकही जागचा हलला नाही.

दारासमोर ओंग गिओक चू चाकांचा वॉकर धरून उभ्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे झिजलेले, आणि डावा पाय गेल्या वर्षीच्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्याच्या मर्जीनं उचलला जाणारा. लिफ्टमध्ये पोहण्याच्या चड्डीतला एक गृहस्थ होता, कलिंगडाच्या फोडी भरलेली बशी घेतलेलं एक जोडपं होतं आणि एकसारखे गुलाबी टीशर्ट घातलेल्या तीन धडधाकट बायका होत्या. सगळ्यांना एकच मजला चढून तलावाकडे जायचं होतं. गालिचा घातलेला जिना लिफ्टला लागूनच होता.

"आंटी, पुढची घ्या," चड्डीवाला म्हणाला. "ही वर चाललीये."

"वर मलाही जायचंच आहे कधीतरी," गिओक चू म्हणाल्या. "आज खाली जायचंय."

चड्डीवाला हसला. दार बंद झालं.

खाली म्हणजे पाचव्या मजल्यावर, जिथून पेनांगच्या धक्क्यावर उतरायचा पूल लावला होता. धक्क्याच्या गेटपाशी त्यांची धाकटी बहीण गिओक निओ येऊन बसणार होती. गिओक निओला डायलिसिसवर ठेवलं होतं आणि आज दुपारची पाळी होती, म्हणून बारा वाजता तिला गेटवरून निघावं लागणार होतं. येत्या गुरुवारी तिचा मुलगा तिला कायमचं पर्थला नेणार होता. पर्थपर्यंतचा प्रवास गिओक चूंना झेपण्यातला नव्हता, आणि तिथून परत येणं गिओक निओला. दोघींनाही हे माहीत होतं, म्हणून फोनवर त्या फक्त लोणच्याबद्दल बोलल्या. काकडी-अननसाच्या लोणच्याची बरणी आता वॉकरच्या टोपलीत होती, तीन पिशव्यांत गुंडाळलेली.

जहाजाची कल्पना मुलाची, तेओ वी क्योंगची. "विमान नको मा, विमानात पायऱ्या. जहाज म्हणजे सपाट जमीन. फक्त खाली पाणी." वी क्योंग सिंगापुरात घरं विकायचा आणि छापील नकाशावर त्याचा पूर्ण विश्वास होता. नकाशावर खरोखरच सगळं सपाट दिसत होतं. उघड्या डेकच्या प्रत्येक दाराला टाचेएवढा उंबरा होता, ते नकाशात नव्हतं. बोळातला गालिचा इतका जाड, की वॉकरची चाकं त्यात रुतायची. तेही नव्हतं. खोली जहाजाच्या शेपटाला होती. तिथल्या लिफ्टनं पाचवा मजला गाठता यायचा, पण पुढची वाट मोठ्या जेवणघरातून होती आणि जेवणघर सकाळी बंद असायचं. म्हणून आधी जहाजाच्या तोंडापर्यंत चालायचं, मग उतरायचं. दोन दिवसांत गिओक चूंना हे पायांनी कळलं होतं. वी क्योंगला अजून कळलं नव्हतं, कारण त्याचे पाय चांगले होते.

लिफ्टसमोर आणखी एक जण काठी टेकून थांबला होता. सिवलिंगम, निवृत्त भूगोल शिक्षक, खुबा नुकताच बदललेला.

"किती वेळ झाला, सर?"

"तीन लिफ्ट गेल्या, मॅडम. तिन्हींत माझे जुने विद्यार्थी असावेत. कुणी ओळख दिली नाही."

"काय शिकवलंत त्यांना?"

"वारे कुठून कुठे वाहतात. माणसांचं अभ्यासक्रमात नव्हतं." त्यांनी काठीनं वर जाण्याचं बटण दाबलं. "वरची धरू. या जहाजावर खाली जायचं असेल तर आधी वर जावं लागतं. निदान तलावापाशी ही जनता उतरते."

जनता उतरली, दुसरी चढली. एका कुटुंबानं बाबागाडी आत रेटली. तिच्यात बाळ नव्हतं, टॉवेल होते. बाबागाडीसाठी सिवलिंगम भिंतीला चिकटले आणि गिओक चूंचा वॉकर त्यांच्याच पोटाशी आला. बाबागाडीवाल्या आईनं "थँक्यू अंकल" म्हटलं आणि अंकलच्या पायावर चाक ठेवलं. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबली. प्रत्येक मजल्यावर कुणीतरी आत डोकावून "ओह, फुल" म्हणालं, आणि त्या प्रत्येकाला एखादाच मजला जायचं होतं.

पाचव्या मजल्यावर घड्याळांचा सेल लागला होता. दुकानदारांनी बोळात दोन्ही बाजूंना टेबलं मांडली होती आणि मधल्या फटीत माणसं खांद्याला खांदा लावून मनगटं पुढे करत होती. पेनांग बाहेर उभं होतं आणि ही माणसं दोन दिवस समुद्रातून येऊन, सिंगापुरात घराखाली मिळतं तेच घड्याळ घालून बघत होती. वॉकर बघून लोक बाजूला व्हायचे, म्हणजे टेबलाकडे आणखी झुकायचे. पार्श्वभाग तिथेच राहायचा.

"एक्स्क्यूज मी," सिवलिंगम पुन्हा पुन्हा म्हणत होते, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात.

खुर्च्यांची गोष्ट अशी. पूल तिरका होता, म्हणून काठी किंवा वॉकरवाल्याला त्यावरून चालत जाऊ देत नसत. जहाजाच्या व्हीलचेअरमध्ये बसायचं आणि दोन कर्मचाऱ्यांनी धरून उतरवायचं, असा नियम. अशा सहा खुर्च्या पुलाजवळच्या दिवाणखान्यात ठेवल्या होत्या. जो येईल त्याला मिळेल, असं पाटीवर लिहिलं होतं.

पण प्रवासी सिंगापूरचे. खाऊगल्लीत टेबलावर टिश्यूची पुडी ठेवली की ते टेबल आपलं, मग आपण कितीही लांबच्या रांगेत असू. मालक दिसो न दिसो, पुडीच्या टेबलावर कुणी बसत नाही. वी क्योंगनं सकाळीच खाली जाऊन एका खुर्चीवर पुडी ठेवली होती. नाश्त्याला बसता बसता त्यानं आईला ते सांगितलं, बायको पेक हूनही शेजारीच होती.

"खुर्ची धरून आलो. मी आणि पेक हून पुढे जातो, त्या नूडल्सवाल्याची रांग वाढते. तू निवांत ये, गर्दी ओसरल्यावर. पुडीवर माझा चेहरा आहे, कुणी हात लावणार नाही."

चेहरा होता, यात शंका नाही. घरांचे दलाल टिश्यूच्या पुड्यांवर आपला फोटो छापून वाटतात. वी क्योंगच्या पुडीवर तो हाताची घडी घालून, सगळे दात दाखवून हसत होता आणि खाली नाव आणि फोन नंबर होता. पहिल्या संध्याकाळी त्यानं जेवणघरात टेबलाटेबलावर जाऊन अशा पुड्या वाटल्या होत्या. सुटीवर आलेला माणूस घराचा विचार मोकळ्या मनानं करतो, असं त्याचं म्हणणं होतं.

गिओक चू दिवाणखान्यात पोचल्या तेव्हा अकरा वाजून गेले होते. सहाही खुर्च्या भिंतीशी ओळीनं उभ्या होत्या. सहाही रिकाम्या होत्या. सहांवरही वी क्योंग हसत होता.

खुर्च्यांपाशी रोवेना नावाची कर्मचारी होती, मनिलाची, वय चाळीसच्या पुढे.

"मॅम, खुर्ची धरलीये का?"

"धरलीये. जिच्यावर हा चेहरा आहे ती."

रोवेनानं ओळीकडे बघितलं. "मॅम, हा सगळ्यांवर आहे."

"मग कुठलीही द्या."

"तुमची कुठली ते कळायला हवं, मॅम. मागच्या फेरीत एक पुडी आम्ही उचलली तर केवढ्या तक्रारी आल्या. आता प्रवाशांच्या वस्तूला हात लावायचा नाही, असा हुकूम आहे."

"आणि धरणारे कुठे आहेत?" सिवलिंगमनी विचारलं.

"नाश्त्याला, सर. काही पोहताहेत."

"पोहताहेत. पण चालता येत नाही."

"खुर्चीवाल्यांना उतरताना रांग नसते ना, सर," रोवेना म्हणाली. तिच्या तोंडावर काही उमटलं नाही.

आता गिओक चूंनी एखादी पुडी उचलून बसायला काय हरकत होती, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण त्याही त्याच गल्लीतल्या. जन्मभर त्यांनी पुड्या ठेवून टेबलं धरली होती आणि दुसऱ्याच्या पुडीचा मान राखला होता. एकदा तर गरम सूपचा वाडगा हातात घेऊन, पाच रिकाम्या टेबलांच्या मधोमध त्यांनी उभ्यानं जेवण उरकलं होतं. घरी येऊन त्याबद्दल अभिमानानं सांगितलंही होतं. तेव्हा त्या उभ्या राहिल्या. सहा रिकाम्या खुर्च्यांसमोर, थरथरत्या पायावर, कुणाची वाट बघत ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांनी मुलाला फोन लावला.

"मा, मी रांगेत आहे, पुढे दोघंच उरलेत. तू त्यांना चेहरा दाखव ना."

"दाखवला. तू सहाही खुर्च्यांवर हसतोयस."

पलीकडे आवाजात उत्साह आला. "बघ! लोक जवळ बाळगताहेत पुड्या. पेक हून म्हणत होती फेकून देतील."

गिओक चूंनी फोन ठेवला. तो लगेच वाजला. भाचा होता. "मावशी, आम्ही गेटपाशी आहोत. आई सावलीत बसलीये, हिरवी छत्री दिसतेय का? सारखी विचारतेय. बाराला निघावंच लागेल हं."

काचेच्या दारातून पूल दिसत होता, पुलापलीकडे उन्हात धक्का, आणि धक्क्याच्या टोकाला गेट. गेटपाशी हिरवं काहीतरी होतं. माणूस ओळखता येण्याएवढं ते जवळ नव्हतं.

गिओक चू पहिल्या खुर्चीपाशी गेल्या. पुडी उचलली, वॉकरच्या टोपलीत टाकली. दुसरीवरची उचलली. तिसरी. चौथीपाशी असताना मागून चपला वाजल्या. गुलाबी टीशर्टवाल्या तिघींपैकी एक होती, हातात आइस्क्रीम.

"आंटी, ती आमची आहे. धरलीये."

"कोणी धरलीये?"

"मी."

"हा फोटो तुझा?"

"माझा कसा असेल? पण पुडी माझी."

"हा माझा मुलगा आहे. हा चेहरा मी जन्माला घातलाय. ज्याच्या त्याच्या हातात तो फिरतोय ही त्याची हौस, पण मूळ माल माझा." गिओक चूंनी चौथी पुडी टोपलीत टाकली. "बसणार कोण आहे?"

"सासूबाई."

"कुठेत?"

"झोपल्यात. उतरायचं की नाही ते अजून ठरलं नाही त्यांचं. पण धरून ठेवलेली बरी."

"धरून ठेवलेली बरी," सिवलिंगम म्हणाले. "हे राष्ट्रगीतात घालायला हवं."

बाई रोवेनाकडे वळली. "हे चालतं का तुमच्याकडे? मी तक्रार करीन."

"मॅम, आता खुर्च्यांवर वस्तू नाहीत," रोवेना म्हणाली, तोवर उरलेल्या दोनही टोपलीत गेल्या होत्या. "वस्तू नसेल तर जो येईल त्याला. पाटीवर आहे." तिनं ब्रेक काढून पहिली खुर्ची पुढे घेतली आणि गिओक चूंना बसवलं. दुसरीत सिवलिंगम बसले. बरणी गिओक चूंनी मांडीवर घेतली. गुलाबी बाईनं आइस्क्रीम संपवलं, खिशातून नवी पुडी काढली, चौथ्या खुर्चीवर ठेवली आणि निघून गेली. नवी पुडीही वी क्योंगचीच होती.

दिवाणखाना ओलांडून पुलाच्या तोंडाशी यायला वेळ लागला नाही. तिथे पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्यानं हात आडवा केला.

"खुर्च्या थांबवा. भरती आहे, जहाज वर उचललंय. पूल फार उभा झालाय. चालणाऱ्यांना जाऊ द्या."

"किती वेळ?" रोवेनानं विचारलं.

"उतार कमी होईपर्यंत. वर विचारलंय."

चालणारे जात होते. बाबागाडी गेली, तिच्यात अजून टॉवेलच होते. चड्डीवाला आता पँट घालून गेला, जाताना खुर्चीतल्या दोघांकडे बघून म्हणाला, "लकी हं अंकल, बसून प्रवास." धक्क्याकडून परतणारे पुलाच्या दुसऱ्या कडेनं वर येत होते, पिशव्या घेऊन, घामेजलेले, तृप्त. त्यांच्यात वी क्योंग होता. नूडल्सचं पुडकं उंच धरून तो आईकडे आला.

"मा, अजून इथेच? पण खुर्ची मिळाली ना शेवटी. मी म्हटलं नव्हतं?"

"पेक हून कुठेय?"

"मागे, फोटो काढतेय. हे खा, गरम आहे."

"गेटपाशी तुझी मावशी बसलीये. हिरव्या छत्रीखाली."

वी क्योंगनं मागे वळून बघितलं. "ती? खुर्चीतली? मी आत्ताच तिच्यासमोरून आलो." त्यानं पुडकं खाली केलं. "बारा वर्षांपूर्वी बघितलेली, मा. एवढी बारीक नव्हती ती."

"काही बोललास?"

"नाही. म्हणजे, घाम पुसत होती, म्हणून पुडी दिली एक."

सिवलिंगम पुलाच्या कठड्याकडे बघू लागले. रोवेनानं फोन कानाला लावला होता. तिकडून कुणी उचलत नव्हतं.

"ओळखलं तिनं मला? मला कसं कळणार?" वी क्योंग म्हणाला.

"पुडीवर नाव आहे तुझं. चेहराही आहे. वाचता येतं तिला." गिओक चूंनी बरणी त्याच्या हातात दिली आणि नूडल्सचं पुडकं स्वतःकडे घेतलं. "पळ. सांग, मी पुलाच्या तोंडाशी आहे. पाच मिनिटं थांब म्हणावं. नाहीतर तिला इकडे जवळ तरी आण, पुलाच्या खाली. मला दिसू दे."

"मा, लोक चढताहेत, उलटं कसं—"

"चालता येतं ना तुला?"

वी क्योंग निघाला. चढणाऱ्यांच्या गर्दीत त्याला अंग चोरत उतरावं लागत होतं. दर दोन पावलांना कुणीतरी त्याला ओळखत होतं, हात हलवत होतं. पुडीवरचा माणूस ना? सवयीनं तो प्रत्येकाला हसून दाखवत होता.

बाराला पाच मिनिटं कमी असताना गेटपाशी हिरवी छत्री मिटली. ऊन सरकलं म्हणून, की निघायची वेळ झाली म्हणून, ते जहाजावरून कळण्यासारखं नव्हतं. वी क्योंग पुलाच्या मध्यावर होता. अधिकाऱ्याचा हात अजून आडवाच होता.