गेनबाची निम्मी

"आधी वास घ्यायचा. मग घोट. आन घोट घेतला की गिळायची घाई करायची न्हाई, जिभंवर जरा बसू द्यायचा त्याला."

मामंजींचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या गळ्यात लग्नाच्या आधीपासून तुळशीची माळ. दारूचा थेंब कधी जिभेला लागला नाही. पण रम कशी प्यावी हे कुणी विचारलं तर मी आजही न अडखळता सांगेन, इतक्या वेळा ते चुलीपुढं बसून ऐकलं आहे.

मामंजी म्हणजे माझे सासरे, आनंदराव. पहिल्या मोठ्या लढाईत ते बसऱ्याकडं पलटणीत हवालदार होते, म्हणून गावही त्यांना हवालदार म्हणायचं. आमचं गाव भोरहून हिर्डोशीकडं जाणाऱ्या वाटेवर, नदीच्या काठाला. तिकडच्या लढाईत थंडी पडली आणि चिखल गुडघ्याला लागला की संध्याकाळी शिपायांना टिनाच्या मगातून थोडी थोडी रम वाटायचे. आपल्याकडच्या लोकांनी ती कुठं पाहिलेली! हातभट्टीच्या सवयीनं सगळे मग घशात उपडा करायचे आणि ठसकत बसायचे. गेनबा तेवढा तसं करायचा नाही. गेनबा हिर्डोशीच्या वरच्या धनगरवाड्यातला, मेंढरांमागं वाढलेला. तो मग दोन्ही तळव्यांत धरायचा, हाताची ऊब लागू द्यायचा, नाकाशी न्यायचा, आणि मग म्हणायचा, "हवालदार, हिच्यात गुऱ्हाळ हाय की."

मामंजी आधी हसले. मग त्यांनीही तसंच करून पाहिलं. कढई उतरवताना काकवीचा वास येतो ना, जरा जळका, जरा गोड, तो आधी येतो म्हणायचे. त्यामागून जुन्या लाकडी पेटीचा. आणि गिळल्यावर छातीत शेकोटी पेटते, पण धूर होत नाही. रम उसाच्या मळीचीच करतात हे त्यांना पुढं कोठीवरच्या माणसानं सांगितलं.

तिथंच दोघांनी एकमेकांना शब्द दिला. जिवंत घरी गेलो तर घरी येईल ती पहिली बाटली निम्मी तुझी, निम्मी माझी. दोघंही जिवंत आले. मामंजी तर गेनबाच्या पाठीवरून आले, कारण त्यांच्या गुडघ्यात गोळीचा तुकडा घुसला होता आणि चिखलातून ओढून काढणारा तोच होता. पण घरी आल्यावर रम कुठली? भोरात मिळायची ती देशी. वर्षं गेली, दोघं म्हातारे झाले, शब्द तसाच राहिला.

मग दुसरी लढाई लागली. मामंजींचा भाचा सोनबा, मार्गासनीचा, पलटणीत भरती झाला. कार्तिकात तो रजेवर आला तेव्हा मामाला भेटायला मुद्दाम आमच्याकडं आला आणि धोतरात गुंडाळलेली बाटली त्यानं मामंजींच्या पुढ्यात ठेवली. मामंजींनी बूच काढून नुसता वास घेतला आणि डोळे मिटले. वास चुलीपर्यंत आला. माझं माहेर सारोळ्याचं, आमच्या मळ्यात गुऱ्हाळ चालायचं. मला एकदम बाबा दिसले, कढईशी उभे. दारूच्या वासानं माहेर आठवावं याचा मला इतका राग आला की जपाचे दोन मणी मी तसेच सोडून दिले.

सोनबा गेला आणि मामंजींनी मला बोलावलं. म्हणाले, निम्म्यावर खूण पाहिजे, मी म्हातारा माणूस, हात पुढं गेला तर कळलं पाहिजे. तुळशीपुढं लावायच्या वातींचा कापूस होता, त्याचा मी दोरा वळला आणि हळदीत भिजवला. गाठ मात्र त्यांनाच मारायला लावली. बाटलीला शिवायचं नाही असं मी ठरवलं होतं.

दोन दिवसांनी गेनबाची सून रतनबाई भोरच्या बाजारात घोंगड्या विकून परतताना आमच्या ओट्यावर टेकली. सासरे दसऱ्यापासून वाकळेवर पडून आहेत म्हणाली. अन्न जात नाही. खाली हवालदाराचा भाचा रजेवर आला का, एवढंच विचारतात. मी आत जाऊन मामंजींना हळूच म्हटलं की निम्मी वेगळी काढून रतनबाईबरोबर द्या, आज रात्रीपर्यंत पोचेल. ते चिडले.

"माझा शबुद दुसऱ्याच्या टोपल्यातनं जायचा न्हाई. गुडघा जरा हलका हुं दे, मी सोता जातो."

रतनबाई रिकाम्या टोपल्यानं गेली. तिथून माझी तगमग सुरू झाली.

दुसऱ्याच दिवशी रायबा आला. म्हसोबाची पूजाअर्चा त्याच्याकडं. गावाच्या शिवेत दारू आली की पहिली धार म्हसोबाला, ही आमच्याकडची रीत, आणि ती मोडली तर गुरांना त्रास होतो असं सगळे मानतात, मीही मानते. देवाला नाही कशी म्हणणार? पण धार म्हणजे धार. रायबानं बाटली दगडावर अशी उलटी धरली की जणू वांग्याच्या वाफ्याला पाणी देतोय. मामंजी काठी टेकत मागं गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "देवाला निदान वास तरी घिऊ द्यायचा रं." पण रायबासमोर ते काही बोलले नव्हते. उलट त्यालाही एक पेला देऊन कसं प्यायचं ते शिकवलं होतं.

हीच तर खरी अडचण. मामंजी लोभी नव्हते. त्यांना शिकवायची हौस. कुणी ओट्यावर आलं आणि म्हणालं की हवालदार, ती सरकारी दारू म्हणे लई न्यारी असती, की यांचा हात बाटलीच्या फळीकडं. मग मला पितळेचे लहान पेले मागायचे. मी पेले घासून उंबऱ्यावर ठेवायची, तिथून पुढं माझं काम नाही. पेल्यात तळ झाकेल एवढीच ओतायची. थंडी असली तर त्यात कोमट पाणी, गुळाचा बारका खडा, एखादी लवंग. उन्हाळा असला तर साधं माठातलं पाणी, तेही आधी नाही, पहिला घोट कोरा घेतल्यावर. सोबत तिखट काही नको, भाजलेले शेंगदाणे पुरे, कारण मिरचीनं जीभ बधिर झाली की मग गुऱ्हाळ कुठलं आणि शेकोटी कुठली.

हे सगळं ते इतक्या मनापासून सांगायचे, आणि समोर कोण, तर पारावर पडीक असणारा भिमा. भिमानं वास घेतल्यासारखं केलं, पेला घशात ओतला, माझ्याकडं मिरचीचा ठेचा मागितला आणि म्हणाला, "हवालदार, चढंना की वं. ही प्यायची हाय का हुंगायची?"

मामंजींनी कपाळाला हात लावला. पण परत ओतली. म्हणे त्याला पहिल्यांदा कळलं नसेल.

ओट्यावर रोज संध्याकाळी शाळा भरायला लागली. तुळशीपुढं दिवा लावून मी जपाला बसायची आणि पाठीमागून ठसके ऐकू यायचे. एक दिवस शेजारची अंबूबाई आली. नातवाची छाती भरली होती, चोळायला जरा द्या म्हणाली. लेकराला नाही कसं म्हणायचं? मामंजींनी वाटीभर दिली. मग कुणाच्या बैलाचं पोट फुगलं. बैलानं वास घेतला की नाही, मी विचारलं नाही.

मी मालकांना सांगून पाहिलं, म्हणजे माझ्या घरधन्याला. ते मळणीत गळ्यापर्यंत बुडालेले. बा आणि बाटली, मला मधी घालू नको, म्हणाले. बाटली उचलून धान्याच्या कणगीत टाकायला किती वेळ लागला असता? पण मी शिवणार नव्हते ना. रोज फळीखालून जाताना वर बघायची, चरफडायची, आणि दोऱ्याच्या वर अजून आहे एवढं पाहून पुढं जायची. दोरा होता म्हणून तर मी गप्प होते.

एकादशीला घर सारवायला काढलं. फळी झाडताना सकाळचं ऊन नेमकं बाटलीवर पडलं होतं. रम बरोब्बर दोऱ्याशी होती. पण दोऱ्याच्या दोन बोटं वर काचेवर पिवळी रेघ दिसत होती. हळदीची. दोरा आधी तिथं होता.

हातातली केरसुणी तशीच धरून मी ओट्यावर गेले. मामंजी उन्हात गुडघा शेकत बसले होते. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही.

"मामंजी, दोरा खाली सरकलाय."

"सैल झाला आसंल."

"हळदीची रेघ वर ऱ्हायलीय."

रस्त्यानं एक गाडी गेली, ती वळणाआड जाईपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले. मला वाटलं होतं की रागावतील, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. मीही इतक्या दिवसांचं मनात साठवलेलं बोलून घेतलं असतं. म्हसोबाचं ठीक, लेकराचं ठीक, पण भिमाच्या घशात गेली ती कुणाची? तुमची निम्मी तर कधीच संपली. आता रोज संध्याकाळी तुम्ही गेनबामामाची वाटताय. हे सगळं माझ्या ओठांवर होतं. त्यातलं एवढंच बाहेर आलं, "गुडघा कवा हलका व्हायचा?"

"व्हायचा न्हाई," मामंजी म्हणाले. "आन झाला तरी म्या जायचा न्हाई, सूनबाई. ज्यानं मला पाठीवर घालून आणलं, त्यो वाकळंवर पडल्याला मला बघवायचा न्हाई. बाटली घिऊन गेलो म्हंजी शेवटचं भेटाया गेलो. घरात हाय तवर जायाचं ऱ्हायलंय, आसं वाटतं."

इतके दिवस मला वाटत होतं, त्यांना शिकवायची हौस आहे. हौस होतीच. पण अशी वाटता वाटता बाटली संपली असती तर जायचंच उरलं नसतं, हेही त्यात होतं. माझा राग गेला नाही. फक्त तो कुणावर काढायचा हे कळेना. वर धनगरवाड्यात एक माणूस रोज सुनेला विचारत होता, आणि इथं दोरा सरकत होता.

"मग मी जाते," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या गळ्यातल्या माळेकडं बघितलं. "तू? तू तर बाटलीला शिवत न्हाईस."

त्या दिवशी उपास होता. दुपारभर मी त्याचाच विचार केला. माळ घालताना बाबांनी जे सांगितलं होतं ते आठवून आठवून पाहिलं. दारू प्यायची नाही, मांसमच्छी खायची नाही, खोटं बोलायचं नाही. शिवायचं नाही असं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं घातलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या सोवळ्याआड मला चरफडत बसायला सोपं गेलं होतं.

द्वादशीला पहाटे नदीवर स्नान केलं, तुळशीला पाणी घातलं, जप पुरा केला. उपास सोडायला दोन घास खाल्ले. मग फळीवरची बाटली उचलली. काच गार होती, आणि वाटलं होतं त्यापेक्षा हलकी. आत ओंजळभर राहिली असेल. दोरा सोडून मी तुळशीपाशी ठेवला. पाटीत तांदूळ घातले, त्यात बाटली उभी रोवली, वर भाकरी आणि गुळाचा खडा, त्यावर फडकं. एक पितळेचा पेलाही घेतला.

मामंजी ओट्यावर जागेच होते. मी चुंबळ डोक्यावर ठेवली तशी ते भिंतीला धरून उठले.

"शबुद माझा हाय, सूनबाई."

"व्हय. शबुद तुमचाच हाय. पाय तेवढं माझं."

त्यांनी माझ्या डोक्यावर पाटी चढवली. बाटली आडवी होणार नाही इतक्या बेतानं चढवली. मग घसा साफ करून म्हणाले, "त्याला म्हणावं, आधी वास..." आणि थांबले. गेनबाला ते काय शिकवणार होते? "हात गार पडलं आसतील त्याचं," मग म्हणाले. "पेला तूच जरा तळव्यात धर. ऊब लागली म्हंजी दे."

मी मान हलवली.

पारावर भिमा दात घासत बसला होता. मला बघून म्हणाला, "वैनी, आज सांजच्याला शाळा हाय का?" पाटीवरचा हात तसाच ठेवून मी हिर्डोशीच्या वाटेला लागले.