कुठल्या हाताला?

शेवटी वकिलीणबाईंनी लंबूला सोडलं. पण ते अजून व्हायचंय, तेव्हा झालंच नाही असं धरून चालू. तूर्त ती विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात, रक्ततपासणीच्या दाराला बोट लावून बघत होती आणि बोट निळं झालं होतं.

"रंग ओला आहे म्हणून लिहिलंय की!" शिडीवरून रंगारी ओरडला. "कुठल्या इयत्तेत आहात?"

"खरंच ओला आहे का, ते बघत होते."

"सगळे तेच बघतात. मग माझ्याकडे रॉकेल मागतात."

कायदा शिकत असल्यामुळे वसतिगृहात तिला वकिलीणबाई म्हणत. अट तिनेच आपल्या मित्राला, लंबूला, घातली होती: आधी दोघांनी रक्त तपासायचं, मगच निरोधाला निरोप. लंबू गुरुवारी लगेच इथे जाऊन आला. "सगळं क्लिअर," म्हणाला. तिची परीक्षा आडवी आली, तिचं राहिलं. आणि शनिवारी, अट अर्धीच पुरी झालेली असताना, निरोप देऊन टाकला गेला. आपलंच तर माणूस, असं तिला वाटलं होतं. कायद्यात याला पुरावा म्हणत नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

सिस्टर हात पुसत बाहेर आल्या.

"बंद आहे गं. महिना होत आला. आधी छत गळलं, मग भिंत फुगली, आता रंग."

"गेल्या गुरुवारी उघडं होतं ना?"

"गुरुवारी आत बांबूची परांची होती. मी स्वतः कुलपाबाहेर बसून चहा प्यायले. का गं?"

तेवढ्यात लंबूचा फोन आला. तिने उचलला. खरं तर तिला चिडायला हवं होतं. पण माणूस कुठवर जातो, याचंच तिला भारी कुतूहल वाटलं.

"झालं का? रडलीस?"

"अजून नाही. तुला कुठल्या हाताला टोचलं होतं रे?"

"डाव्या. नस सापडेना, सिस्टर बिचाऱ्या घामाघूम!"

तिने सिस्टरकडे बघितलं. त्या कोरड्याठाक होत्या.

"मग?"

"मग काय, त्यांनी मला बिस्कीट दिलं. म्हणाल्या, असा शूर मुलगा बघितला नाही."

"कुठलं बिस्कीट?"

पलीकडे तो खाकरला.

"क्रीमचं," तो म्हणाला.

"बरं," म्हणत तिने फोन ठेवला आणि निळं बोट ओढणीला पुसलं. ओढणी पांढरी होती.

सिस्टरांनी खुर्ची पुढे सरकवली.

"कधी?"

"शनिवारी."

"मग मोठ्या दवाखान्यात जा, आजच. शनिवारचं सगळं आज कळायचं नाही. काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागेल. आणि त्यालाही ने. भांडण नंतर कर, आधी ने." मग, केंद्राची अब्रू राखावी म्हणून असेल, त्या पुढे म्हणाल्या, "आमच्यामुळे गैरसोय झाली. लिहून दे हवं तर, साहेबांकडे पाठवते."

तिने कागद मागून घेतला. मान खाली घालून, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'मा. वैद्यकीय अधिकारी यांस. रक्ततपासणी कक्ष गेल्या गुरुवारी पूर्वलक्षी प्रभावाने उघडा असल्याचे मानण्यात यावे, ही नम्र विनंती.'