पांढरी कावीळ

लेकीच्या रक्तात पांढरी कावीळ निघाली, असं नर्सबाईंनी सांगितलं आणि जावयाने बाळंतिणीच्या थोबाडीत मारली. टाके अजून ओले होते तिचे. डोळे स्वच्छ, अंग स्वच्छ. नऊ महिने कुणाला शंकासुद्धा आली नव्हती.

"कुणाची घाण घेऊन आलीस?"

"अहो, जन्मताना आईकडूनही येते," नर्सबाई मध्ये पडल्या. "सुईतून, वस्तऱ्यातून, नवऱ्याकडूनही. तुमचं रक्तही तपासू. आधी बाळाला दोन इंजेक्शनं, आत्ताच. नाहीतर ती त्याच्या यकृतात जन्मभर घर करील."

"माझ्या पोराला सुई लावायची नाही! गल्लीभर बोंब होईल, रोगी निघालं म्हणून." त्याने पाळण्यातून बाळ उचललं आणि दाराकडे निघाला.

मी आडवी आले. "जावईबापू, माझ्याकडूनच आली असेल तिला. मला मारा. बाळ ठेवा."

"हो बाजूला, थेरडे!" त्याचं कोपर माझ्या बरगडीत बसलं.

लेक खाटेवरून उठली. सलाइनची सुई उपटून निघाली, हातातून रक्ताची धार लागली. त्याच हाताने तिने त्याचं तोंड ओरबाडलं. नर्सबाईंनी बाळ हिसकावून घेतलं. त्याने लेकीला गुद्दा हाणला, ती फरशीवर पडली.

हॉटेलच्या ओल्या चादरी पिळण्यात माझा जन्म गेला. मी त्याची मानगूट धरली आणि कपाळ चौकटीवर आपटलं. एकदा. पुन्हा. ओठ फाटला. त्याने वळून माझा गळा धरला, तेव्हा खाटेखालचं भांडं हाताला आलं. तेच त्याच्या कानफटात घातलं. रिकामं नव्हतं ते.

तो खाली बसला. तोंड पुसून हात बघितला.

"हे रक्त कुणाचं?"

"तुमचं आणि तिचं, दोघांचं," नर्सबाई म्हणाल्या.

तो पांढराफटक पडला. "मला सुई द्या! आधी मला!"

"तुम्हालाही देऊ. पण नंतर." त्यांनी मानही वळवली नाही. बाळाची मांडी कापसाने पुसत होत्या.

मी बाळाकडे धावले.

"आजी, हात नका लावू! रक्त आहे. धुवून या आधी."

मी कोपरापर्यंत साबण लावला. मोरीत लाल पाणी वाहत होतं. मागे बाळाने टाहो फोडला.

"एक झालं," नर्सबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या मांडीत."

"आई," लेक फरशीवरूनच म्हणाली, "रडतोय ना गं तो?"

"रडतोय, बाई. मस्त रडतोय."