कासवांवरची टोपली

कुणाला वाचवायचं म्हणून तुम्ही कधी कुणाला झाकून ठेवलंय का हो? मी ठेवलंय. माझा जन्मच त्यासाठी आहे. मी दमयंतीकाकूंची टोपली बोलतेय.

आमचं गाव वेळणेश्वराच्या पुढे, समुद्राला लागून. गावातल्या रघूने परसातला चिवा, म्हणजे बारीक बांबू, तोडून, त्याच्या कामट्या तासून मला विणलं. दिवेलागणीला काकू कोंबड्या गोळा करायच्या, मला त्यांच्यावर पालथी घालायच्या आणि वर दगड ठेवायच्या. मुंगूस येऊन हात हलवत परत जायचं. सकाळी मला उचललं की कोंबड्या बाहेर. घरी पाहुणे आले की मात्र एक कमी व्हायची. पाहुण्यांशी माझं वाकडं आहे ते तेव्हापासून.

पूर्वी आमच्याकडे कासवाची अंडी खायची पद्धत होती. मग मुंबईची नोकरी सोडून आलेल्या नितेशने कासव समिती काढली आणि अंडी जपायची पद्धत आली. हे फार चांगलं झालं. रात्री कासवीण अंडी घालून गेली की समितीची माणसं ती उचलून कुंपणातल्या वाळूत पुरायची. पिल्लं निघायचे दिवस आले की त्या जागेवर टोपली पालथी घालायची. कावळे-कुत्रे लांब राहतात. पिल्लं वर आली की टोपली उचलायची आणि त्यांना समुद्राकडे सोडायचं. एवढंच काम. नितेशने घराघरांतून टोपल्या मागितल्या. काकूंनी मला दिलं आणि कोंबड्या जुन्या पेटाऱ्यात ठेवल्या.

यंदा समितीने महोत्सव ठरवला. मुंबईहून मोठे साहेब येणार होते. ते आले, खूश झाले, तर किनाऱ्याला पक्कं कुंपण आणि पगारी राखणदार मिळणार होता. नितेश बिचारा पंधरवडाभर झोपला नव्हता. वाळूत मंडप उभा राहिला. मोठ्या फलकावर साहेब हात जोडून उभे होते, आणि त्यांच्या कोपराशी एक कासव होतं, साधारण त्यांच्या घड्याळाएवढं.

त्या दिवशी सकाळीच माझ्याखालची वाळू खचली आणि पिल्लं वर आली. एरवी लगेच सोडली असती. पण पिल्लं सोडायचा मान साहेबांचा. नितेशने माझ्यावर ओलं गोणपाट टाकलं आणि वाट पाहायला लागला.

साहेब देवदर्शनाला थांबले, असा फोन आला. मग जेवायला थांबले. सुरमई चांगली होती म्हणून मग थोडे आडवे झाले. इकडे कर्ण्यावरून 'कासवांचे कैवारी' थोड्याच वेळात येत असल्याचं सांगणं चालूच होतं. गोणपाट केव्हाच वाळलं होतं. पिल्लं सकाळी माझ्या कामट्यांवर जोरात नाक घासत होती. दुपारी हळू घासायला लागली. ऊन उतरलं तेव्हा काही नुसती पडून होती.

दिवेलागणीला काकू आल्या. त्यांनी वाकून माझ्या फटीतून आत पाहिलं. पदर खोचला आणि नितेशला म्हणाल्या, "माझी टोपली दे रे बाबा. कोंबड्या झाकायच्यात."

"काकी, साहेब निघालेत. जरा थांब ना."

"साहेब तुझे आज येतील नायतर उद्या. माझ्या कोंबड्या आजच निजायच्या."

कोंबड्या पेटाऱ्यात सुखात आहेत, हे मलाही माहीत होतं आणि नितेशलाही. पण दुसऱ्याची वस्तू त्याने परत मागितल्यावर नाही म्हणायची आमच्या गावात रीत नाही. नितेश बाजूला सरला. काकूंनी मला उचललं.

पिल्लं निघाली, ती सरळ मंडपाकडे. बिचाऱ्यांना उजेड दिसेल तिकडे समुद्र वाटतो, आणि त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त उजेड फलकावरच्या साहेबांच्या चेहऱ्यावर पाडलेला होता. एक पिल्लू नितेशच्या बुटावर चढायला लागलं. तो त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याला अलगद बाजूला ठेवून जनरेटरकडे निघाला.

"आता फोटो काळोखात काढणार?" समितीतलं कोणीतरी म्हणालं.

"नाय काढणार," म्हणत नितेशने जनरेटर बंद केला.

मंडप काळोखात गेला. थोड्या वेळाने लाटांचा पांढरा पट्टा दिसायला लागला आणि पिल्लं वळली. दमलेल्यांना काकूंनी आणि नितेशने पाण्याजवळच्या ओल्या वाळूवर नेऊन ठेवलं. तिथून ती आपली आपण गेली. दोन मात्र हललीच नाहीत.

माणसांनो, तुम्ही झाकता ते मायेनेच, यात मला शंका नाही. पण झाकलेल्याला आपली वेळ असते. ती पाहुण्यांना विचारून ठरवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले, आणि पिल्लांच्या पावलांच्या रेघा अजून वाळूत दिसत होत्या, त्या रेघांवरून साहेबांच्या पाच गाड्या थेट मंडपापर्यंत गेल्या.