जेवत्या ताटावरून

साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. सांगलीत तेव्हा इंटरनेट म्हणजे कॉम्प्युटरला फोनची तार जोडून पुण्याला एसटीडी लावायची आणि मोडेमची किरकिर ऐकत बसायचं. लागला तर लागला. त्या किरकिरीतून प्रियदर्शनी आणि इंद्रजित जगातल्या कुठल्या कुठल्या माणसांशी बोलत असत. दोघं इंजिनिअरिंगला एका वर्गात होती. ती आष्ट्याची, तो आटपाडीचा. एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची खोड कॉलेजात लागली, ती नोकऱ्या लागल्यावरही सुटली नाही.

माहिती साठवून ठेवणारं एक सॉफ्टवेअर होतं, डेटाबेस म्हणतात तसलं. त्याला मालक नव्हता. देशोदेशीचे लोक फावल्या वेळात ते लिहीत आणि सगळ्यांना फुकट देत. त्यात कुणी नवीन सोय केली की तिच्यावर आधी ‘प्रायोगिक’ असा शिक्का बसे. म्हणजे वापरा, पण भरवसा धरू नका. तो शिक्का कधी काढायचा, हे सोय लिहिणाऱ्यानं ठरवायचं नाही; आपलं लेकरू कुणाला काळं दिसतं? दुसऱ्या कुणीतरी ती खऱ्या कामात वापरून शब्द द्यायचा.

इंद्रजितनं एक सोय लिहिली होती. काम चालू असताना लाईट गेली, तर परत आल्यावर अर्धवट राहिलेलं यंत्रानंच निस्तरायचं.

“तिकडच्या लोकांना हे सुचायचं न्हाई,” तो म्हणायचा. “त्यांची लाईटच जात न्हाई. हितं आपल्या भागाचा उपयोग झाला बघ, आष्टेकर.”

शब्द द्यायचं काम प्रियदर्शनीकडे आलं. प्लग उपटून दोघांनी कितीदा पाहिलं होतं, पण ते दहा-पाच ओळींचं खोटं काम. तिला खरं काम हवं होतं. तिचे वडील आण्णा यांच्या ओळखीनं आष्ट्याच्या एका दूध संस्थेत तिनं ते सॉफ्टवेअर बसवलं. रोज सकाळ-संध्याकाळ कुणी किती दूध घातलं, ते मनुबाई टाईप करायच्या. नवरा वारल्यावर त्याच्या जागी लागलेली ही बाई, आधी यंत्राला हात लावायला भ्यायची, मग त्याच्यावर रोज फडकं मारायला लागली. आष्ट्यात लोडशेडिंग ठरल्या वेळी व्हायचं. ऐन दुधाच्या वेळेला लाईट जायची, यायची. सहा-सात महिने झाले, एक आकडा इकडचा तिकडे झाला नाही.

त्या उन्हाळ्यात इंद्रजितच्या दोन्ही किडन्या गेल्याचं कळलं. मिरजेच्या दवाखान्यात त्याच्या वाऱ्या सुरू झाल्या, आणि मग वाऱ्या संपून मुक्कामच पडला. आटपाडीहून त्याची आई बयाबाई येऊन राहिली. जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई, दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायची आणि आलेल्या-गेलेल्याला वाट द्यायची.

“आटपाडीकर, मी तिकडच्या लोकांना कळवलं, चालतंय म्हणून,” एक दिवस प्रियदर्शनी म्हणाली. “पुढच्या आवृत्तीत शिक्का निघणार. महिन्याभरात येईल.”

तो हातावर जोर देऊन उठून बसला. मग म्हणाला, “आयला! म्हंजे भरवशाचं झालं म्हणायचं एकदा आपलं कायतरी.”

त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. बयाबाईनं प्रियदर्शनीला बाहेर गाठलं. “पोरी, तू काय सांगितलंस मला कळत न्हाई. पर त्येचं पास झालं न्हवं? लय बरं झालं बग.”

आणि दोन आठवड्यांनी मनुबाई बहिणीच्या मुलीच्या लग्नाला मेढ्याला गेल्या. त्यांच्या जागी टाईप करायला दुसरं कोण? प्रियदर्शनी सुट्टी काढून आष्ट्याला बसली. संध्याकाळी गर्दी होती. किटल्यांचा खणखणाट, लोकांची घाई, आणि ती भराभर आकडे मारत असतानाच लाईट गेली. आली तेव्हा तिनं पडद्यावर पाहिलं, तर अर्जुनाचं दूध कोंडीबाच्या नावावर आणि कोंडीबाचं कुठंच नाही. आदल्या दिवसांतलंही विस्कटलं होतं.

तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच झालं.

मनुबाई परत आल्यावर तिनं विचारलं, “आवं मनुमावशी, लाईट जाते तेव्हा तुम्ही काय करता?”

“काय करायचंय? जायच्या आदी हात काढून घेती.”

“म्हणजे?”

“आता म्हंजे काय! टायम ठरल्यालाच हाय की. पाच मिनटं आदी टायपिंग थांबवती, लोकास्नी म्हणती दम धरा. चिठ्ठीवर लिवून घेती, लाईट आली की घालती.” मग त्या जरा लाजल्या. “ते घास घास घेत असतंय. जेवत्या ताटावरनं कुणाला उठवू न्हाई, बाई. मानूस काय आन् यंत्र काय.”

प्रियदर्शनी तिथंच स्टुलावर बसली. इतके महिने लाईट गेली होती, पण यंत्र जेवत असताना एकदाही गेली नव्हती. तिनं शब्द दिला होता तो इंद्रजितच्या सोयीबद्दल नव्हे; मनुबाईंच्या रीतीबद्दल.

आवृत्ती निघायला थोडेच दिवस होते. एक पत्र पाठवलं की शिक्का परत बसला असता. नाही पाठवलं, तर तिकडे कुठल्या तरी दवाखान्यात, कुठल्या तरी शाळेत कुणीतरी तिच्या शब्दावर भरवसा ठेवला असता.

ती मिरजेला गेली आणि न सांगताच परत आली. तो उशीला टेकून कसा बसला होता, ते बघून तिची जीभ उचलली नाही. त्यात बयाबाईनं जिन्यापर्यंत येऊन सांगितलं, “चार दिस बरा हाय. त्येच्या म्होरं वंगाळ काय काडू नगो.”

दुसऱ्या खेपेला तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, मनुबाईंचं बोलणंसुद्धा.

इंद्रजितचा चेहरा उतरला. “तुला आत्ताच सापडायचं हुतं व्हय?” एवढं म्हणून त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. ती बसून राहिली. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कुणीतरी मोसंबं सोलून देत होतं, त्याचा वास येत राहिला.

“थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?” तो भिंतीलाच विचारल्यासारखा म्हणाला. “मी काय लय दिस हाय का?”

“नसतं बिघडलं,” ती म्हणाली. “तुझं माझं नसतं बिघडलं.”

बऱ्याच वेळानं तो वळला. डोळे ओले होते, पण ओठ हसू बघत होते. “मनुबाई जेवू घालतात व्हय माझ्या प्रोग्रॅमला! दोन इंजिनेर, आन् कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.” मग म्हणाला, “कळव त्यांना. शिक्का परत लावा म्हणावं. आन् कागद दे जरा, कुठं चुकलंय ते बघतो.”

कागद त्याच्या हातात राहिला. चार-दोन ओळी लिहिल्या की हात थकायचा. बयाबाई पेन उचलून परत बोटांत धरायला द्यायची. प्रियदर्शनीकडे मात्र तिनं काही दिवस पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी इंद्रजित गेला. चूक काही त्याला सापडली नाही. आटपाडीला माणसं जमली, तेव्हा बायका म्हणत होत्या, भरल्या ताटावरून उठला पोरगा. प्रियदर्शनीला तिथं उभं राहवेना.

पुढच्या वर्षी दूरदेशीच्या एका मुलीनं, जिचं तोंड इथल्या कुणी कधी पाहिलं नाही, ती चूक शोधली आणि दुरुस्त केली. शब्द देण्यासाठी पुन्हा प्रियदर्शनीलाच विचारणा झाली. तिनं मनुबाईंना विनवलं, की लाईट जाईपर्यंत हात थांबवू नका. मनुबाईंना ते जमेना. वेळ जवळ आली की बोटं आपोआप मागं यायची. शेवटी रविवार-रविवार प्रियदर्शनी स्वतः आष्ट्याला बसली, आणि लाईट जाईपर्यंत टाईप करत राहिली. मग शिक्का निघाला. सोयीच्या माथ्यावर इंद्रजितचं नाव राहिलं.

ती ते सांगायला आटपाडीला गेली. बयाबाई शेळीला पाला घालत होती. ऐकून घेतलं, हात पुसले, म्हणाली, “जेवून जा.” तेवढंच. चार-पाच वर्षांनी बयाबाईही गेली.

मनुबाई दूध संस्थेतून निवृत्त झाल्या, लेकाकडं मेढ्याला राहिल्या. घरात इन्व्हर्टर आला तरी लाईट जायच्या वेळेला त्या मिक्सरवरचा हात काढून घेत, आणि सून हसायची. प्रियदर्शनीचे आण्णा त्याच्या आधीच वारले होते.

प्रियदर्शनीनं साताऱ्यात नोकरी धरली, मुलांना शिकवत राहिली. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, राहून गेलं. विद्यार्थी आपलं काम दाखवून म्हणत, “मॅडम, इतके दिवस चालतंय, एकदाही बंद पडलं नाही.” ती चष्मा काढून विचारायची, “वापरत कोण होतं?”